रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला आहे

लहानपणी मला वाटायचं, गाणं अर्ध्यातच तुटत असतं. तशी त्याची रीतच असेल. कारण माझ्या वडिलांचा लग्नांत भोंगे लावायचा धंदा होता, आणि मी जेवढी गाणी ऐकली तेवढी मांडवातच ऐकली. कडुनिंबाला दोन भोंगे बांधलेले, खाली लाकडी पेटीवर रेकॉर्ड प्लेअर आणि शेजारी हातात माइक घेऊन वडील. गाणं जरा रंगात आलं की कोणी तरी धावत यायचं आणि वडील सुई उचलायचे. "नवरदेवाच्या मामाले विनंती हाये, जिथी असतील तिथून मांडवात या." मामा आले की पुन्हा सुई टेकवायची, पण ती नेमकी मागच्या जागी कशी टेकणार? मग दुसरंच गाणं. मग कोणाची तरी चप्पल हरवायची, मग पंगत बसायची, मग मामा पुन्हा हरवायचे. एका लग्नात मामा किती वेळा हरवतात, याला काही सुमार नाही बाप्पा.

त्या रेकॉर्डींत एक मोठी तबकडी होती, एका बाजूला वीसेक मिनिटं चालणारी. गाणारी बाई कोण, ते मला आजही माहीत नाही. मधल्या गोल कागदावर कोणी तरी चहा सांडला आणि नाव गेलं. वडील ती पंगतीच्या वेळी लावायचे. म्हणायचे, हिच्या आवाजावर माणूस सावकाश जेवतो. बाई आधी नुसती गुणगुणत राहायची. मग शब्द यायचे. मग ती आणि सारंगी एकमेकींचा पाठलाग केल्यासारख्या वर वर चढायच्या, आणि आता अगदी वर पोचणार, तेवढ्यात माझे वडील सांगायचे, "वाढप्यांनी वरणाची बादली घेऊन तिसऱ्या रांगेत यावं."

किती तरी लग्नांत मी ते गाणं तेवढंच ऐकलं. ती बाई वरून खाली उतरली कशी, का उतरलीच नाही, ते मला कधी कळलं नाही. एकदा वडिलांना विचारलं. त्यांनी तरी कुठं ऐकलं होतं!

पुढे कॅसेटी आल्या, वडिलांनी मशीन विकलं. तबकड्या कोणी घेईना. भावांनी नाही म्हटलं म्हणून त्या माझ्यासोबत मेहकरला सासरी आल्या, शिलाई मशीनच्या मागच्या पेटीत. एक उन्हाने वाकली. एक आमच्या सुनेला पापडाच्या डब्यावर झाकण म्हणून बरोबर बसली, आणि मी पाहीपर्यंत दोन वर्षं बसलेलीच होती. त्या बाईची तेवढी मी लुगड्यात गुंडाळून ठेवली होती.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलवर सगळं मिळतं. मलाही पोरानं हेच सांगितलं. "आई, गाण्याचं नाव सांग, दोन मिन्टात लावून देतो." नावच तर चहात गेलं. मग म्हणाला, "गुणगुणून दाखव, तेवढ्यावरही सापडते." मी गुणगुणले. मोबाइलनं सर्दीच्या औषधाची जाहिरात दाखवली.

तर गेल्या उन्हाळ्यात मी आमच्या भंगारवाल्याकडे गेले होते, शिलाई मशीनचं जुनं पायडल मिळतं का ते पाहायला. तिथे पंख्यांच्या पात्यांखाली ती पेटी दिसली. वर हिरवट रेक्झिन फाटलेलं, आत फिरती थाळी, बाजूला तेहतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर लिहिलेलं बटण. सुईचा दांडा एका दोऱ्यानं बांधून ठेवलेला. मी सहज विचारल्यासारखं केवढ्याला म्हणून विचारलं. भंगारवाल्यानं पेटी सरळ काट्यावर ठेवली, लोखंड म्हणून. मी तेवढ्यात खाली बसून थाळी बोटानं फिरवली. तिथेच चुकलं. माणसाचा चेहरा काय काय सांगून जातो. त्यानं पेटी काट्यावरून उचलून घेतली.

"हे वजनावर नाई देत, मावशी. हे अँटिक हाये."

"आत्ता तर लोखंड होतं."

"तुमी हात लावला अन् अँटिक झालं."

शेवटी सौदा असा ठरला, की त्यानं ती पेटी द्यायची आणि आमच्या गच्चीवरचा पत्र्याचा जुना कूलर घेऊन जायचा. आता तो कूलर म्हणजे आमच्या मास्तरांचा जीव. मास्तर म्हणजे आमचे हे. निवृत्त झाल्यापासून सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं, मी मास्तरच म्हणते. त्या कूलरला ना मोटर होती, ना पंखा, ना जाळी. पण "पत्रा अस्सल हाये" म्हणून दर उन्हाळ्यात ते त्याला ओल्या फडक्यानं पुसायचे. भंगारवाल्याचा हातगाडा दारात आला तेव्हा मास्तर खाली आले.

"हे काऊन नेऊन राह्यला तो?"

"त्याच्या बदल्यात हे आणलं."

त्यांनी पेटीकडे पाहिलं. "हे चालते का?"

"नाई."

"मंग चालत नसलेली वस्तू देऊन चालत नसलेलीच आणली. तुले काय म्हणाव!"

पुढे आठवडाभर घरात कोणालाही उकडलं की ते म्हणायचे, "कूलर असता तर."

पेटी घेऊन मी बसस्टँडमागच्या मिस्त्रीकडे गेले. हा मिस्त्री मास्तरांचाच विद्यार्थी. गणितात तीनदा बसला, चौथ्यांदा बसलाच नाही, आणि वडिलांच्या रेडिओच्या दुकानात लागला. आज पन्नाशीचा आहे आणि अर्ध्या तालुक्याचे मिक्सर त्याच्याकडे पडलेले असतात. मितभाषी माणूस. तोंडात कायम एक स्क्रू धरलेला असतो, त्यामुळे बोलायची सोयही नसते. त्यानं पेटी उघडली, आत फुंकर मारली, आणि स्क्रू हातात घेऊन म्हणाला, "काकू, अब्बाकडे अशाच यायच्या. मी फक्त पुसायचो."

पहिले काही दिवस त्यानं नुसता चिकट काळा मळ काढला. आतलं ग्रीस वाळून गुळाच्या पाकासारखं झालं होतं. थाळीला फिरवणारं रबराचं छोटं चाक दगडासारखं कडक. ते त्यानं काचपेपरनं घासलं. तेल कोणतं घालायचं म्हणून तो अडला, तेव्हा मी पिशवीतून शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढून दिली. त्यानं बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दोन थेंब घातले. थाळी फिरली. सुई मात्र पार झिजली होती, ती त्याच्या पोरीनं मोबाइलवरून मागवली.

वेग जुळवायला दोन दुपारी गेल्या. आधी बाई बाप्याच्या आवाजात गायला लागली. मग चाक बदललं तर खारीसारखी. शेवटी त्यानं थाळीच्या काठाला पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवला. त्यानं घड्याळ धरायचं आणि मी कागद किती वेळा समोरून जातो ते मोजायचं. मिनिटाला तेहतीस व्हायला पाहिजेत. एकतीस, पस्तीस, बत्तीस. आमच्या दोघांच्या माना त्या कागदामागे फिरून दुखल्या. एक बाई दुरुस्त झालेला मिक्सर न्यायला आली होती, तीसुद्धा उभी राहून मोजायला लागली. तेहतीस झाले तेव्हा तिघांनी एकदम सांगितलं.

पूर्ण बाजू ऐकायची मात्र मी तिथे टाळली. म्हटलं, आपल्या घरी, आपल्या खुर्चीत, आपल्या हातानं लावू. इतकी वर्षं थांबले, अजून एक दिवस काय.

ही माझी अक्कल.

मी घरी पोचले तर दारात सडा, रांगोळी. आमच्या मास्तरांनी पेन्शनरांच्या मंडळातले पाचसहा जण चहाला बोलावलेले. कूलरचं दुःख कुठल्या कुठे गेलेलं. ते पेटीशेजारी उभे राहून सांगत होते, "आमच्या सासऱ्याचा हा पिढीजात छंद. मीच हिला म्हटलं, हा वारसा आपण जपला पाहिजे." मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि साखरेच्या डब्याऐवजी कपाळाला हात लावला.

आणि सून. सून फार गुणाची आहे, हे मी आधीच लिहून ठेवते. तिच्या माहेरी देऊळगाव राजाकडे नवी वस्तू पूजेशिवाय सुरू करत नाहीत. स्कूटी असो, फ्रीज असो, पाण्याची मोटर असो. आमच्याकडेही तेच. दसऱ्याला मी स्वतः शिलाई मशीनच्या सुईलासुद्धा हळद लावते. त्यामुळे ती ताट घेऊन आली तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही. मी आत चहाचं आधण पाहायला गेले आणि परत येईपर्यंत तिनं थाळीवरच्या रबरावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, माझ्या तबकडीवर ओलं कुंकू लावलं होतं, अक्षता टाकल्या होत्या आणि गाडीच्या चाकासमोर फोडतात तसा नारळ पेटीच्या कोपऱ्यावर फोडला होता. पाणी बटणाच्या फटीतून आत गेलं. कोणी तरी टाळ्या वाजवल्या.

"आई, आता लावा," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका आनंदी होता, की मी लावली.

थाळी फिरायला लागली. अक्षता चारी बाजूंना उडाल्या. बाई गुणगुणायला लागली आणि मी खुर्चीत बसले. अर्ध्या मिनिटानं मास्तरांनी सुई उचलली.

"काय झालं?"

"काई नाई, यांना सांगतो का हा आवाज सुईतून कसा येते."

सांगून झालं. पुन्हा लावली. तेवढ्यात एका पेन्शनरांना फोन आला आणि त्यांनी हातानं खूण केली, जरा थांबवा. मास्तरांनी थांबवलं. मग नातीला रील काढायचं होतं. तिला सुई टेकवताना पाहिजे होती, म्हणून ती तीन वेळा टेकवली. मग चहा आला. "आधी चहा घेऊ, गाणं काई पळून नाई चाललं." मी तिथे बसून बघत होते आणि मला एकदम माझे वडील दिसले. फक्त भोंग्यांची कमी होती. नवरदेवाचा मामाही एखाद्या वेळेस सापडला असता.

चहानंतर पुन्हा लावली तेव्हा आवाजच बदलला. सुई कुंकवात गेली होती. खरर्र, खरर्र, आणि मग पेटीतून नारळाचा करपट वास आला आणि थाळी थांबली.

"जुनी वस्तू हाये," मास्तर म्हणाले. "चालायचंच."

दुसऱ्या दिवशी मी पेटी परत मिस्त्रीकडे नेली. त्यानं झाकण उघडलं, आतून अक्षता काढल्या, एका बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं, आणि तोंडातला स्क्रू न काढता म्हणाला, "पूजा केली?"

"नारळही फोडला."

"हाव. मिक्सरमंदी बी येते कधी कधी."

तबकडी त्यानं साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशनं धुतली, कपबशी धुवावी तशी, नावाचा कागद न भिजवता. आता कागदावर नाव नव्हतंच, तरी तो जपत होता. मोटर वाळवली. "काकू, बुधवारी न्या."

बुधवारी दुपारी मी गेले. दुकानात कोणी नव्हतं. मी म्हटलं, "अरे, एकदा लावून पाह्य, घरी नेण्याच्या आधी." त्यानं लावली आणि आपल्या कामाला लागला, एका पंख्याची वायंडिंग करत होता. मी स्टुलावर बसले.

बाई गुणगुणली. शब्द आले. सारंगी मागे लागली. मी इकडे कान, तिकडे दार, अशी बसलेली, आता कोणी तरी येईल, आता कोणी तरी काही विचारेल. एक गिऱ्हाईक आलंच, हातात इस्त्री. मिस्त्रीनं मान वर न करता एक बोट उभं केलं आणि फळीकडे दाखवलं. इस्त्री फळीवर ठेवून माणूस निघून गेला. बाई वर चढली. जिथे वरणाची बादली यायची ती जागा आली आणि गेली. बादली आली नाही.

आणि मग काय झालं, सांगू? ती वर पोचून थांबलीच नाही. तिनं तिथून आवाज एकदम सोडला, आणि हळूहळू, एकटीच घरात काम करताना म्हणावं तसं, तेच शब्द खालच्या आवाजात म्हणत राहिली. सारंगीही दबून गेली. शेवटच्या ओळीनंतर कोणी तरी, वाजवणाऱ्यांपैकी असेल, अगदी हळू "हां" म्हणालं. रेकॉर्डवर तेही आलं होतं. मग नुसता सुईचा आवाज.

माझे वडील सगळ्या वऱ्हाडाला सावकाश जेवायला लावायचे आणि हा "हां" त्यांनी कधी ऐकला नाही. मी पदरानं डोळे पुसले. मिस्त्री पंख्याकडे पाहत होता.

"झाली की, काकू," तो म्हणाला. "बांधून देऊ?"

मला घर दिसलं. खुर्ची दिसली, चहा दिसला, नातीचा मोबाइल दिसला. मी म्हटलं, "नाई झाली."

"काय राह्यलं?"

"ते तू सांग. मिस्त्री तू हायेस."

त्यानं तोंडातून स्क्रू काढला. जरा विचार केला. "एक पार्ट मुंबईहून मागवा लागंल," तो म्हणाला. "टाइम लागंल."

आता एक गोष्ट बघा. दुसरी कोणतीही थाप मारली असती तर घरात दोन दिवसांत पकडले गेले असते. मी मंदिरात जाते म्हटलं असतं तर शेजारीण सोबत आली असती. डॉक्टरकडे म्हटलं असतं तर पोरगा गाडी घेऊन आला असता. पण मिस्त्रीनं सांगितलं की पार्ट यायचा आहे, यावर आमच्याकडे जन्मात कोणी शंका घेत नाही. आमचा स्वतःचा मिक्सर दोन वर्षं असाच गेला होता. उलट सगळ्यांनी मला धीर दिला. सून म्हणाली, "आई, दर आठवड्याला तगादा लावत जा, नाईतर हे लोक करत नाईत." म्हणजे दर बुधवारी जायची परवानगी मला आयतीच मिळाली.

असे चार महिने गेले. मी दुपारी जायची, मिस्त्री लावायचा, मी एक बाजू ऐकायची, तबकडी त्याच्या कपाटात ठेवून परत यायची. कधी कधी दुसरी बाजू. घरी आले की चेहरा जरा उतरलेला ठेवायचा, एवढंच काम.

अडचण केली मास्तरांनी. पेन्शनर मंडळात त्यांना लोक विचारायचे, मशीनचं काय झालं? पहिल्यांदा त्यांनी मुंबई सांगितली. मग मुंबईला मिळत नाही म्हणून कलकत्ता. पावसाळ्यानंतर एक दिवस मी त्यांना फोनवर बोलताना ऐकलं, "जर्मनीहून येऊन राह्यला ना पार्ट. जहाजानं." मी भाजी निवडता निवडता थांबले. आमच्या थापेनं समुद्र ओलांडला होता आणि मला पत्ताच नव्हता.

पण सांगितलेल्या गोष्टीवर माणसाचा स्वतःचाच विश्वास बसतो. जर्मनीहून येणारी वस्तू इतके दिवस येत नाही, म्हणजे आपल्या जुन्या विद्यार्थ्यानं आपल्याला फसवलं, असं त्यांनी मनात घेतलं. एका बुधवारी मी दुकानात बसलेली, बाई अर्ध्यात पोचलेली, आणि दारात आमचे मास्तर. काखेत छत्री, चेहरा वार्षिक तपासणीचा.

मिस्त्रीनं वर पाहिलंच नाही. सवयीनं म्हणाला, "गुरुजी, पार्ट नाई आला अजून."

त्याच्या समोर तबकडी फिरत होती. बाई गात होती.

मास्तरांनी तबकडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तोंड उघडलं. आणि मी, इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, त्यांच्यासमोर एक बोट उभं केलं.

ते उभे राहिले. मग एक पालथी बादली ओढून तिच्यावर बसले. माझं गाण्यात लक्ष उरलं नव्हतं, खरं सांगते. मी त्यांच्याकडेच पाहत होते. दोनदा त्यांनी श्वास घेतला, बोलण्याआधी घेतात तसा, आणि दोनदा सोडून दिला. बाई वर चढली, खाली आली. "हां" म्हणणारा "हां" म्हणाला. सुई मधल्या कागदाशी जाऊन करकरत राहिली. मिस्त्रीनं ती उचलली.

मला वाटलं, आता होते सुरू. घरी सगळ्यांसमोर होईल. मशीन उद्या हॉलमध्ये येईल, वर क्रोशाचा रुमाल घालून.

मास्तरांनी छत्री काखेतून काढून मांडीवर ठेवली. मग घसा साफ केला.

"जर्मनीची वस्तू हाये," ते मिस्त्रीला म्हणाले. "घाई करू नको. बरोबर बसला पाहिजे पार्ट."

"हाव, गुरुजी."

 घरी पोचल्यावर चपला काढायच्या आत त्यांनी सुनेला सांगितलं, "मी स्वतः पाहून आलो. लय बारीक काम हाये. आणखी सहा महिने धरून चाला."

पुढच्या बुधवारी मी पिशवी घेऊन निघाले तर हे आधीच दारात, सदरा बदलून.

"कुठी निघाले?" मी विचारलं.

"मिस्त्रीकडे. तगादा लावला पाहिजे ना."

मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, "हे पाहा, आज माझा वार हाये. तुमी तुमचा वार निवडा."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शुक्रवारी दुपारी मिस्त्री नमाजाला जातो. शनिवारी त्यांचं मंडळ असतं.

"सोमवार जमंल," ते म्हणाले आणि आत जाऊन सदरा काढून ठेवला.

तेव्हापासून ते सोमवारी जातात. कोणती बाजू लावायला सांगतात, ते मी विचारलं नाही.